हाताला वळण

'बाळाला काय काय येते?' हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. बालविकासाच्या पाश्चात्त्य मोजपट्टीवर चमच्याने खाणे हे कौशल्य गणले जाते. अकलूजच्या एखाद्या घरात दस्तरखानावर बसलेले अडीच वर्षांचे मूल चमच्यापाशी अडेल. पण एकट्या उजव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडायला ते शिकत असते. अंगठ्याने दाबून धरायचे आणि बोटांनी तोडायचे. चमचेवाल्यांनी एकदा करून पाहावे! बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी वेगळे निकष बसवले, त्याची गरज इथे कळते.

संस्कृतीने कौशल्य बदलते, यात वावगे काही नाही. प्रश्न पुढचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील बाळांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. निरोगी बाळे सुमारे आठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान आधाराविना चालू लागतात, आणि मुलगा-मुलगी यांत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. म्हणजे पाय सारखेच चालतात. मग चालू लागलेल्या मुलीच्या हाती केरसुणी येते आणि मुलग्याला उंबऱ्याबाहेरची गल्ली मिळते, हे कोण ठरवते?

परिस्थिती तर याहून कठोर. गळीत हंगामात उसाच्या फडांजवळ तोडणी मजुरांच्या कोप्या पडतात. तिथे पाच-सहा वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन दिवस काढते. तिच्या हुशारीचे कौतुक करताना जीभ अडखळली पाहिजे. ती हुशारी तिने निवडलेली नाही.

आपल्या घरांत तर तेवढी मजबुरीही नसते. तरी आपली अम्मी म्हणते, 'बेटीला पराये घरी जायचंय.' जाईना का! पण मुलग्याला स्वतःचे ताट उचलता येऊ नये, हे कोणत्या घरासाठी? पैगंबर (स.) घरी असत तेव्हा घरच्यांच्या कामाला हात लावत, असे हजरत आयेशा (र.) यांनी सांगितले आहे. उजव्या हाताने खाण्याची सुन्नत आपण दोन वर्षांच्या बाळाला शिकवतो. ही दुसरी सुन्नत मुलग्याला कितव्या वर्षी शिकवायचे ठरवले आहे? तिसऱ्या वर्षी आरंभ केला तर त्याच्या हातून एखादी बशी फुटेल, तेवढेच.