सेवेला माप असावे काय?

उज्जैनच्या माधव नगरात एक सरकारी इस्पितळ आहे. २०२० व २०२१ साली करोनाच्या साथीत ते त्या शहरातील करोनाचे इस्पितळ झाले. शिंदे संस्थानाच्या काळापासून उज्जैनात मराठी घरे नांदत आली आहेत. त्यामुळे त्या दिवसांत तेथून फोनवर येणारी खबर अनेक मराठी घरांत जीव मुठीत धरून ऐकली जात असे. ती खबर बहुधा एका आकड्याची असे. "आज चौऱ्याण्णव आहे." "रात्री अठ्ठ्याऐंशीवर आला होता." रुग्णाच्या रक्तातील ऑक्सिजनचे ते प्रमाण. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, जिचा चेहराही नातेवाइकांनी कधी पाहिला नाही अशी कोणी सिस्टर दर काही तासांनी रुग्णाच्या बोटाला ते लहानसे यंत्र लावी, आकडा वाची आणि कागदावर लिही. त्या आकड्यावर घरच्यांची झोप अवलंबून असे आणि पुष्कळदा रुग्णाचा प्राणही.

त्या दिवसांची आठवण झाली म्हणजे एक प्रश्न मनात येतो. रुग्णसेवा ही प्रेमाची गोष्ट आहे असे आपण मंडळीत नेहमी ऐकतो, आणि ते खरेच आहे. मग प्रेमाच्या कामात मोजमाप कशाला? मोजणे हे वाण्याच्या दुकानातले काम. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, अशी तर प्रभूची शिकवण. जी परिचारिका आपल्या सेवेचे आकडे मांडू लागते, तिची सेवा तेवढ्याने हलकी होत नाही काय? आमच्या मंडळ्यांतील अनेक मुली हे काम करीत आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांना रविवार शाळेत शिकविणाऱ्यांसाठी या प्रश्नाचा विचार केला पाहिजे.

आजची परिचारिका किती गोष्टी मोजते याची बाहेरच्या माणसाला सहसा कल्पना नसते. नाडी, ताप, श्वास, रक्तदाब हे तर झालेच. पण आता तिला आपल्या वॉर्डाचीही परीक्षा घ्यावी लागते. ज्या रुग्णांना लघवीची नळी घातली आहे, त्यांची गणती ती रोज ठरलेल्या वेळी करते. दहा रुग्णांना पाच दिवस नळी होती तर नळीचे पन्नास दिवस झाले. अशा हजार दिवसांमागे किती जणांना नळीमुळे संसर्ग झाला, हे मग काढता येते. किती जणांच्या पाठीला पडून पडून जखमा झाल्या, किती जण खाटेवरून पडले, सलाइनच्या जागी कितींचा हात सुजला, औषध देण्यात कितीदा चूक झाली, रुग्णाला हात लावण्यापूर्वी कितीदा हात धुतले गेले, हे सारे नोंदविले जाते. सरकारी इस्पितळांसाठी केंद्र सरकारने २०१३ साली गुणवत्तेची राष्ट्रीय मानके ठरविली. त्यांत एकेका मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन असे गुण मिळतात आणि प्रमाणपत्रासाठी शेकडा ७० गुण लागतात. तपासणी करणारे कागद पाहतात, वॉर्ड पाहतात, सिस्टरांशी बोलतात आणि रुग्णालाही विचारतात. या साऱ्या नोंदींचा मोठा भार परिचारिकेच्या खांद्यावर असतो.

मोजण्याविषयी मनात येणारी शंका खोटी नाही. पवित्र शास्त्रातही तिला आधार आहे. दाविदाने इस्राएलाची शिरगणती केली, तेव्हा योवाबासारख्या कठोर सेनापतीलाही ती गोष्ट रुचली नाही, आणि पुढे त्या गणतीबद्दल दाविदाचेच मन त्याला खाऊ लागले (२ शमुवेल २४). आपल्याजवळ तलवार चालविणारे किती आहेत हे त्याला पाहावयाचे होते. स्वतःचे बळ पाहून सुखावण्यासाठी केलेली ती गणती होती. अशी गणती इस्पितळातही होते. तपासणीचा दिवस जवळ आला की रजिस्टरे एका रात्रीत भरली जातात, भिंतीवर तक्ते लागतात, आणि जे मोजल्याने गुण मिळतात तेवढेच मोजले जाते.

आम्ही हे ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या वडीलधाऱ्या आप्ताच्या उशाशी एका इस्पितळात तीन रात्री बसलो होतो. कोणते इस्पितळ, कोणते गाव, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. पायथ्याशी टांगलेला तक्ता आम्ही सहज वाचला. श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २० हा एकच आकडा होता. शेजारच्या खाटेवरच्या तक्त्यातही २०, त्याच्या पलीकडेही २०. अक्षर सुरेख होते, एकही खाडाखोड नव्हती. पण त्या दोन रात्रींत कोणी श्वास मोजताना आम्ही पाहिले नव्हते. तिसऱ्या रात्री दुसरी सिस्टर ड्यूटीवर आली. वयाने लहानच होती. ती खाटेजवळ उभी राहिली, घड्याळावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट काही न बोलता छातीकडे पाहत राहिली, आणि मग तिने पुन्हा एक मिनिट मोजले. आकडा ३४ आला. तिने डॉक्टरांना झोपेतून उठविले. छातीत न्यूमोनिया वाढत होता. उपचार बदलले आणि आमचे माणूस घरी आले.

त्या रात्रीनंतर आम्हाला मोजणे ही कोरडी गोष्ट वाटेनाशी झाली. आधीच्या दोन रात्री रुग्णाशी कोणी कठोर बोलले नव्हते. आधीची सिस्टर गोड बोलणारी होती, उशी नीट करून जात होती. पण तिने लिहिलेला आकडा खोटा होता. खोटी तागडी परमेश्वराला घृणा आणते असे नीतिसूत्रांत आहे. ते वचन आपण धान्याच्या दुकानाला लावतो. रुग्णाच्या तक्त्याला आपण ते कधी लावले आहे काय? धान्यात मापटे खोटे असले तर गरिबाचे दोन पैसे जातात. येथे प्राण जातो, आणि कोणाला कळतही नाही.

येथे दाविदाच्या गणतीशेजारी आणखी एक गणती ठेवून पाहावी. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील मेंढपाळाजवळ शंभर मेंढरे होती आणि एक हरवले. रविवार शाळेत ही गोष्ट सांगताना आपण त्याच्या शोधण्याविषयी बोलतो, खांद्यावर घेण्याविषयी बोलतो. पण एक मेंढरू हरवले हे त्याला कळले कसे? नव्याण्णव मेंढरांचा कळप दुरून शंभरांसारखाच दिसतो. त्याने मोजले होते, म्हणूनच त्याला कळले. जो मेंढपाळ मोजीत नाही, तो दुष्ट असेलच असे नाही. आपल्या कळपावर त्याची माया असू शकेल. पण हरवलेल्याला शोधायला तो कधीच निघणार नाही, कारण कोणी हरवले आहे हेच त्याला ठाऊक नसते. दाविदाने मोजले ते आपल्याजवळ किती आहेत हे पाहण्यासाठी. मेंढपाळाने मोजले ते कोण नाही हे पाहण्यासाठी. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि एकच परत आला, तेव्हा प्रभूनेही उरलेल्या नवांची चौकशी केली. आपल्या डोक्यावरचे केसदेखील मोजलेले आहेत असे ज्याने सांगितले, त्याला मोजणे परके नव्हते.

परिचर्येच्या इतिहासात अशा गणतीचे थोर उदाहरण फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे आहे. हाती दिवा घेतलेले त्यांचे चित्र आपण पाहतो. पण त्या गणितातही निपुण होत्या. क्रिमियाच्या युद्धात स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ सैनिक मरत होते. बाई आणि त्यांच्या परिचारिका तेथे आधीच येऊन पोहोचल्या होत्या, रात्रंदिवस राबत होत्या, तरी ही स्थिती होती. मार्चमध्ये विलायतेहून स्वच्छतेचे आयुक्त आले. त्यांनी गटारे उपसली, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनांच्या आसपास उतरले. मायदेशी परतल्यावर बाईंनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने सारे आकडे मांडले. बहुतेक सैनिक जखमांनी न मरता टाळता येण्यासारख्या रोगांनी मेले, हे त्यांत स्पष्ट दिसले. त्या काळात त्या स्वतः तेथे काम करीत होत्या, तेव्हा ते आकडे झाकून ठेवणे त्यांना सोयीचे गेले असते. त्यांनी ते रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे ठेवले. नुसती माया पुरेशी पडली नव्हती हे त्यांनी जगापुढे मान्य केले. दिवा घेऊन वॉर्डात फिरण्यापेक्षा या कामाला अधिक नम्रता लागली असेल, असे आम्हाला वाटते.

आपल्या महाराष्ट्रातही असे घडले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावोगावच्या जन्ममृत्यूंची नोंद सुरू केली. अक्षरओळख नसलेल्या दायांना बाळाचा श्वास मोजता यावा म्हणून मण्यांचे साधे साधन तयार केले. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. त्या घरी जाऊन नवजात बाळाचे वजन करीत, ताप पाहत, श्वास मोजीत. ३९ गावांत हे काम झाले, तेथे हजार जन्मांमागे महिन्याच्या आत मरणाऱ्या बाळांची संख्या ६२ वरून सुमारे २५ वर आली. शेजारच्या ४७ गावांत ती साठाच्या जवळपासच राहिली. हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. पूर्वीही ती बाळे मरतच होती, पण पुष्कळांची कोठे नोंद नव्हती. ज्याचे जन्मणे कोणी लिहिले नाही, त्याच्या मरण्याचा जाब कोण कोणाला विचारणार?

उज्जैन शहरातही दोन खाजगी इस्पितळांत प्रतिजैविक औषधांच्या वापराची पाहणी झाली व ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. दाखल असलेल्या रुग्णांपैकी सुमारे शेकडा ८० जणांना ही औषधे दिली जात असल्याचे दिसून आले. प्रत्येक डॉक्टरला आपापल्या रुग्णापुरते आपले करणे योग्यच वाटत असणार. सारे एकत्र मोजल्यावाचून हे चित्र दिसले नसते, आणि औषधांना दाद न देणारे जंतू मात्र वाढत राहिले असते.

मोजण्याची ही बाजू मांडताना दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, खरा आकडा लिहिणाऱ्याला शिक्षा होऊ लागली की खरे आकडे बंद होतात. चुकीचे औषध दिले गेले हे जी सिस्टर आपण होऊन सांगते, तिला चारचौघांत अपमान सोसावा लागला, तर दुसऱ्या दिवसापासून त्या वॉर्डात चुका होत नाहीत असेच रजिस्टर सांगेल. पाप कबूल करणाऱ्याला आपण मंडळीत क्षमेचा दिलासा देतो. तोच नियम वॉर्डातही हवा. तेथे चूक उघड होते ती पुढच्या रुग्णाच्या रक्षणासाठी. शिवाय साधारण इस्पितळात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी असे प्रमाण सांगितले जाते. रात्री एकट्या सिस्टरच्या हवाली तीस-चाळीस खाटा करावयाच्या आणि प्रत्येकाचा श्वास पूर्ण मिनिट का मोजला नाही म्हणून तिला जाब विचारावयाचा, हा न्याय नव्हे. आमच्या त्या पहिल्या दोन रात्रींच्या सिस्टरकडे किती खाटा होत्या, हे आम्ही तेव्हा मोजले नाही. आज त्याची आम्हाला लाज वाटते.

दुसरी गोष्ट अशी की, काही सेवा कोणत्याच रकान्यात बसत नाही. मरणाऱ्या माणसाचा हात धरून बसलेली सिस्टर कोणते गुण मिळवीत असते? तिने ते काम टाकून रजिस्टर भरण्यास जावे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण ज्या प्रेमाने तिने हात धरला, त्याच प्रेमाने दुसऱ्या रुग्णाचा श्वास खरा मोजावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

शेवटी आपल्या घरचा विचार करू. रविवार शाळेत हजेरीपट असतो आणि मंडळीच्या दप्तरात सभासदांची यादी असते. वर्षाच्या अखेरीस आपण बेरीज करतो आणि अहवालात लिहितो की यंदा इतकी मुले आली, गेल्या वर्षापेक्षा इतकी वाढली. ती गणती दाविदाची. त्याच हजेरीपटावर एखाद्या मुलाच्या नावापुढे चार रविवार ओळीने गैरहजेरीची खूण आहे. त्या चार खुणा पाहून कोणी शिक्षक सोमवारी संध्याकाळी त्याच्या घरी गेला काय? गेला असेल, तर आपल्या मंडळीत मेंढपाळाची गणती चालू आहे. येत्या रविवारी हजेरी घेताना ओ देणाऱ्यांची नावे झाल्यावर जरा थांबावे, आणि ज्यांनी ओ दिली नाही त्यांची नावे एकदा पुन्हा, सावकाश वाचावीत.