मतदान संपल्यानंतरचा नवस

मतदान संपल्यापासून मतमोजणी सुरू होईपर्यंतचा काळ हा निवडणुकीच्या वेळापत्रकातील सर्वांत रिकामा, पण उमेदवारांच्या धार्मिक आचरणाच्या दृष्टीने कदाचित सर्वांत गजबजलेला काळ असतो. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत तो २० ते २३ नोव्हेंबर असा जेमतेम तीन दिवसांचा होता. २०२५ च्या नगरपरिषद व नगरपंचायत निवडणुकांत मात्र बहुतेक ठिकाणी २ डिसेंबरला मतदान झाले, काही ठिकाणचे पुढे ढकलले गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशामुळे सर्वांची मोजणी २१ डिसेंबरला एकत्र झाली, त्यामुळे पहिल्या तारखेची मतदानयंत्रे अडीच आठवड्यांहून अधिक काळ मोहोरबंद पडून राहिली. प्रचार थांबलेला, कार्यकर्ते पांगलेले, आकडेमोड करणाऱ्यांचे अंदाज एकमेकांना छेद देणारे. अशा वेळी कुलदैवताचे दर्शन, अभिषेक, अनुष्ठान आणि नवस यांना भर येतो, आणि ज्यांच्या घरातून कोणीही उभे नाही असे समर्थकही देव पाण्यात ठेवून बसतात. या आचरणाची टिंगल करणे सोपे आहे. त्यात एक खरा तात्त्विक प्रश्न दडलेला आहे हे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही. जे घडून गेले आहे पण कोणालाच कळलेले नाही, त्यासाठी केलेल्या प्रार्थनेला काही अर्थ असू शकतो काय, हा तो प्रश्न.

प्रश्नाची धार कळण्यासाठी अनिश्चिततेचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. ॲरिस्टॉटलने तर्कशास्त्रावरील आपल्या एका ग्रंथात उद्या होऊ शकणाऱ्या आरमारी लढाईचे उदाहरण घेतले आहे: लढाई उद्या होईल हे विधान आजच खरे किंवा खोटे असेल, तर उद्याचे सर्व काही आजच ठरलेले आहे असे मानावे लागेल, आणि मग विचारविनिमयाला जागाच उरणार नाही. येथील अनिश्चितता वस्तूतच आहे, कारण लढाई अजून झालेली नाही. मतमोजणीच्या पूर्वसंध्येची अनिश्चितता या जातीची नव्हे. शेवटच्या मतदाराने कळ दाबली त्या क्षणी प्रत्येक उमेदवाराची संख्या निश्चित झाली. तेव्हापासून जे अनिश्चित आहे ते केवळ माणसांचे ज्ञान. मोजणीच्या दिवशी आधी टपाली मते, मग एकेका फेरीची यंत्रे असा क्रम चालतो, आघाडी आणि पिछाडीचे आकडे बदलत राहतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की समोर एखादी झुंज चालू आहे. वस्तुतः तेथे काहीही चालू नसते. कोणत्या गावाची यंत्रे आधी उघडली एवढ्यावर तो चढउतार अवलंबून असतो. चौथ्या फेरीत पिछाडीवर गेलेला उमेदवार त्या वेळी काहीही गमावत नाही, आणि तरीही त्याच्या समर्थकाचा हात खिशातल्या अंगाऱ्याकडे जातो.

यहुदी परंपरेने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी आणि अत्यंत कठोरपणे दिले आहे. मिश्ना या प्राचीन धर्मसंहितेच्या बेराखोत नावाच्या प्रकरणात असे सांगितले आहे की प्रवासाहून परतणाऱ्या माणसाने गावातून आक्रोश ऐकला आणि हा आक्रोश माझ्या घरातला नसो अशी प्रार्थना केली, तर ती प्रार्थना व्यर्थ होय, कारण ती झालेल्या गोष्टीसाठी मारलेली हाक आहे. विसाव्या शतकात ब्रिटिश तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९६४ च्या एका निबंधात या निर्णयालाच आव्हान दिले. त्यांचे म्हणणे असे की प्रार्थना करणारा भूतकाळ बदलायला सांगत नसतो. तो एवढेच मागत असतो की ती घटना घडताना देवाने तिला विशिष्ट वळण दिलेले असावे. देव सर्वज्ञ असेल, तर नंतर होणारी ही प्रार्थना त्याला त्या वेळीही ठाऊकच होती. सर्वज्ञ ईश्वर एकदा स्वीकारला की या युक्तिवादात तार्किक चूक काढणे कठीण आहे, आणि मोजणीच्या आदल्या रात्री महारुद्र करविणाऱ्याला हवा असलेला आधार त्यातून मिळतोही.

तथापि निवडणुकीच्या बाबतीत अडचण काळाची नसून इच्छेची आहे, आणि डमेट यांच्या प्रार्थनेच्या उदाहरणात ती उद्भवत नाही. वादळातून जहाज वाचावे अशी प्रार्थना करणारा वाऱ्यालाटांविषयी काही मागत असतो. मतांसाठी प्रार्थना करणारा मात्र दुसऱ्या माणसांच्या निर्णयाविषयी मागत असतो. आपल्या बाजूने कौल असावा याचा अर्थ असा की काही हजार मतदारांच्या मनात ऐन वेळी, त्यांच्या नकळत, एक झुकाव घातला गेलेला असावा. विधानसभा आणि लोकसभा निवडणुकांना लागू असलेल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार, मतदाराच्या मनात आपल्यावर देवाचा कोप होईल अशी समजूत निर्माण करणे किंवा तसा प्रयत्न करणे हा भ्रष्ट आचार ठरतो, म्हणजे निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकेल असा गैरप्रकार. भंडारा उचलायला लावून किंवा देवापुढे हात ठेवायला लावून घेतलेल्या मतांच्या शपथा याच कारणाने निषिद्ध आहेत. कायद्याला देवाचे अस्तित्व मान्य किंवा अमान्य करायचे नाही. त्याला मतदार आणि त्याचे मत यांच्यामध्ये तिसरे कोणी नको आहे. या दृष्टीने पाहता नवस करणारा उमेदवार जे स्वतः करू शकत नाही, आणि केले तर निवड गमावेल, तेच देवाकडून करवून घेऊ पाहतो. तुकारामांपासून वारकरी परंपरेने नवसावर जी टीका केली तिचा रोख देवाशी केलेल्या सौद्यावर होता. येथे सौद्याचा माल तिसऱ्याच्या मालकीचा आहे, ही अधिकची अडचण.

भारतीय दर्शनांकडे वळले असता नवस करणाऱ्याला तेथेही फारसा आश्रय मिळत नाही. मीमांसकांच्या मते यज्ञासारखे कर्म संपल्यावर त्यातून अपूर्व नावाची एक अदृश्य शक्ती निर्माण होते आणि ती यथाकाल फळ देते. ते फळ उशिरा येऊ शकते, पण कर्माच्या आधी येऊ शकत नाही. वेदान्ताने कर्माचे संचित, क्रियमाण आणि प्रारब्ध असे भाग केले असून, फळ देऊ लागलेले प्रारब्ध हे सुटलेल्या बाणासारखे आहे, ज्ञान झाले तरी ते भोगूनच संपते, असे त्यात मानले जाते. मोहोरबंद यंत्रातली मते या अर्थाने उमेदवाराचे प्रारब्धच म्हणता येतील. नवस फळला नाही तर काय, या प्रश्नावर न्यायदर्शनाचे उत्तर मोठे मार्मिक आहे. पुत्रेष्टी करूनही पुत्र होत नाही, म्हणून वेद खोटा, या आक्षेपाला न्यायसूत्रांनी असे उत्तर दिले की दोष कर्मात, कर्त्यात किंवा साधनात असतो, विधानात नव्हे. पराभूत उमेदवारांचे स्पष्टीकरणही याच तीन खणांत बसते: प्रचार चुकला, उमेदवारी चुकीच्या माणसाला मिळाली, किंवा यंत्रात घोळ झाला. यांतील तिसऱ्या स्पष्टीकरणाची आपल्याकडील लोकप्रियता पाहिली तर न्यायसूत्रांना साधनवैगुण्याचे याहून ताजे उदाहरण मिळाले नसते.

प्रार्थनेचा विषय खरोखरच भविष्यात असतो असा क्षण मतदान संपल्यानंतर एकच आहे, आणि तो क्वचितच येतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीत गिरगाव भागातील प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भारतीय जनता पक्षाचे अतुल शाह यांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली. फेरमोजणीनंतरही संख्या समान राहिली, तेव्हा चिठ्ठी काढण्यात आली आणि शाह विजयी ठरले. ज्या सभागृहात शिवसेना ८४ आणि भाजप ८२ अशी स्थिती झाली, तेथे एका चिठ्ठीचे मोल किती हे वेगळे सांगायला नको. चिठ्ठी उचलली जाईपर्यंत निकाल कोठेही लिहिलेला नव्हता. ॲरिस्टॉटलची आरमारी लढाई येथे खरोखर उद्यावर होती.

अशा क्षणी कायदा काय करतो हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. महापालिकांचे कायदे वेगळे असले तरी तत्त्व तेच असल्यामुळे लोकप्रतिनिधित्व कायद्याचेच कलम ६५ पाहू जाता, समसमान मते पडल्यास निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तत्काळ चिठ्ठीने निर्णय करावा आणि जिच्या नावाने चिठ्ठी निघेल त्या व्यक्तीला जणू एक अधिक मत मिळाले असे समजून पुढे जावे, असे ते सांगते. या ‘जणू’मध्ये कायद्याचे सारे तत्त्वज्ञान आहे. दैवाने निवड केली असे कायदा म्हणत नाही. योगायोगाला तो एका काल्पनिक मतदाराचे रूप देतो आणि निकाल पुन्हा संख्येच्या भाषेत आणून ठेवतो. विधिमंडळात समान मते पडली तर अध्यक्ष निर्णायक मत देतात, म्हणजे तेथे कोंडी फोडणारा माणूसच असतो. निवडणूक अधिकाऱ्याला मात्र तेवढ्यापुरतेही स्वतःचे मत असता कामा नये, म्हणून त्याच्या हाती चिठ्ठी दिली आहे. चिठ्ठीचे मूल्य तिच्यात कोणाचीही इच्छा नाही यातच आहे. अन्य व्यवस्थांतही हीच काळजी दिसते. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील, चोळ राजा पहिला परांतक याच्या काळच्या शिलालेखांत ग्रामसभेच्या समित्यांसाठी नावांच्या चिठ्ठ्या मडक्यात घालून त्या लहान मुलाकडून काढविण्याची पद्धत नोंदलेली आहे (त्या सभेत जमीनधारक आणि वेदज्ञ ब्राह्मणांनाच स्थान होते, हे तिला लोकशाहीचा पुरावा म्हणून मिरविणारे सांगत नाहीत), आणि महाराष्ट्रात प्रभागांच्या आरक्षणाची सोडत आजही पुष्कळदा शाळकरी मुलांच्या हातून काढली जाते.

श्रद्धाळू मन मात्र या रिकाम्या जागेतच अर्थ शोधते. कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवतेला कौल लावताना मूर्तीला पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतात आणि उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार असे मानतात. क्रिया चिठ्ठीसारखीच, पण तेथे पाकळी पडण्यामागे इच्छा आहे अशी श्रद्धा असते. गिरगावातल्या चिठ्ठीकडे विजयी पक्षाचा भाविक कार्यकर्ता याच नजरेने पाहणार. गीतेच्या अठराव्या अध्यायातील विवेचन त्याला थोडा आवर घालू शकेल. अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव अशी कर्माची पाच कारणे तेथे सांगितली आहेत. दैव त्यांत आहे, पण पाचांपैकी एक म्हणून. ५,९४६ मतांपर्यंत पोहोचविणारी चार कारणे विसरून फक्त पाचव्याचे आभार मानणे हे त्या यादीला धरून नाही. योगवासिष्ठ तर याहून पुढे जाते आणि दैव म्हणजे पूर्वीच्या पुरुषार्थाचेच फळ, वेगळे काही नाही, असे म्हणते. २००८ मध्ये राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघात त्या वेळचे प्रदेश काँग्रेस अध्यक्ष सी. पी. जोशी ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६ असे एका मताने हरले. तेथे दैवाकडे बोट दाखविण्याइतकीही सोय नव्हती, कारण घरी बसलेला प्रत्येक समर्थक त्या पराभवाचे कारण ठरत होता, आणि त्यामुळे कोणा एकालाही तसे म्हणता येत नव्हते.

चिठ्ठी आणि कौल यांतला शेवटचा फरक पुनरावृत्तीचा आहे. कौल संदिग्ध पडला, पाकळी मधेच अडकली किंवा उत्तर पटले नाही, तर गाऱ्हाणे घालून तो पुन्हा लावता येतो, कारण ज्याला विचारायचे तो समोर बसलेला आहे असे गृहीत असते. चिठ्ठी मात्र एकदाच निघते. निवडणूक याचिकेच्या सुनावणीत मते समान ठरली तर काय करावे हे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १०२ सांगते: निवडणूक अधिकाऱ्याने त्या उमेदवारांमधील प्रश्न कायद्यानुसार आधीच निकाली काढला असेल तर तोच निर्णय याचिकेपुरताही लागू राहतो, आणि काढला नसेल तरच उच्च न्यायालय चिठ्ठी काढते.