लाल वस्त्राचा अर्थ कोण ठरवतो?

लाल रंग सौभाग्याचा, असे आपण सहज म्हणून जातो. कपाळीचे कुंकू, लग्नातील शालू, देवीची ओटी, ही सारी त्याची मंगल रूपे. परंतु याच रंगाचे आणखी एक वस्त्र आपल्या जुन्या घरांत होते आणि त्याचा उल्लेख आपण टाळतो. ते म्हणजे आलवण. केशवपन केलेल्या विधवेने चोळीविना, आयुष्यभर नेसावयाचे तांबडे लुगडे.

आमचे घराणे चार पिढ्यांपूर्वी इंदुरास येऊन स्थिरावले. बालपणी आम्ही वडिलांच्या आत्यांना आलवणातच पाहिले. सारे घर त्यांच्या हातच्या सोवळ्यातील स्वयंपाकावर जेवत असे. पण कोणी शुभकार्यास निघाले की त्या स्वतःहून दाराआड होत. आमच्या परीक्षेच्या दिवशीही त्या तशाच दाराआड झाल्या. घरातील सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार करून, हातावर दही घेऊन आम्ही निघालो. त्यांना मात्र नमस्कार केला नाही.

एकच रंग एकीला मंगल आणि दुसरीला अमंगल कसा?

इतिहासात याचे उत्तर शोधताना दोन प्रसंग आठवतात. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी इंग्लंडमधील फॉदरिंगे येथे स्कॉटलंडची राणी मेरी हिचा शिरच्छेद झाला. वधस्तंभापाशी तिची वरची काळी वस्त्रे उतरवताच आतील गडद लाल पोशाख दिसला. कॅथलिक परंपरेत हा हुतात्म्यांचा रंग. राज्याने तिला कटाची अपराधी ठरवले होते. तिने वस्त्रानेच त्याला उत्तर दिले.

दुसरा प्रसंग ख्रिस्ताचा. मॅथ्यूच्या शुभवर्तमानानुसार रोमन सैनिकांनी येशूला लाल झगा चढवला तो थट्टेसाठी. पुढे एल ग्रेकोने टोलेडोच्या कॅथेड्रलसाठी १५७७ ते १५७९ या काळात येशूच्या वस्त्रहरणाचे चित्र काढले. त्यात भोवतालच्या दाटीत तो लाल झगाच सर्वांत तेजस्वी आहे. उपहासाच्या रंगाला चित्रकाराने वैभव दिले.

मेरीने आपले वस्त्र स्वतः निवडले. येशूवर ते लादले गेले, पण पुढच्यांनी त्याकडे आदराने पाहिले. आमच्या आत्याआजींच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. त्यांना निवड नव्हती आणि आदराने पाहणारी दृष्टीही लाभली नाही.

पुष्कळ स्त्रियांनी आलवण निष्ठेने पत्करले, असा युक्तिवाद केला जातो. आत्याआजींनीही कधी तक्रार केली नाही. परंतु जेथे नकाराची मुभाच नाही, तेथे होकाराला संमती कसे म्हणावे? विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, महर्षी कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला. तरी आमच्या बालपणापर्यंत आलवण घरात राहिलेच. शासकीय सेवेत आम्ही अनेक नियम राबविले. त्या प्रत्येकाखाली कोणाची तरी सही असे. आलवणाच्या नियमाखाली कोणाचीच सही नव्हती, म्हणून तो रद्द तरी कोणी करावा?

आम्हांस वाटते, तो पाहणाऱ्यांनीच रद्द करावयाचा होता. रंगात मांगल्य नसते, अमंगलही नसते. ते पाहणाऱ्याच्या नजरेत असते आणि त्या पाहणाऱ्यांत आम्हीही होतो. लहान होतो, ही सबब पुरेशी नाही. दाराआड जाऊन एक नमस्कार करणे त्या वयातही आमच्या हाती होते.