क्वचित घडणारे सांगावे काय?

पायांतल्या फुगलेल्या शिरा मिटवण्यासाठी पोलिडोकॅनॉलसारखे औषध हवेशी घुसळून त्याचा फेस शिरेत टोचतात. शिरेतले रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून फुफ्फुसांत जाते. फेसाचे काही बुडबुडेही तिथवर पोहोचतात. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. कुणाला खोकला येतो, छाती आवळते. फारच क्वचित रक्ताची गुठळी फुफ्फुसात अडकते.

हे ‘फारच क्वचित’ रुग्णाला सांगावे काय? समीरा कोहली खटल्यात (२००८) आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, दूरचे, केवळ तात्त्विक धोके सांगण्याचे बंधन डॉक्टरवर नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात (२०१५) निराळे माप धरले: रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला तो धोका महत्त्वाचा वाटेल काय?

सांगितल्याने रुग्ण घाबरेल, हे खरे. पण ज्याला सांगितले आहे, तोच दम लागताच दवाखाना गाठेल. न सांगितलेला ‘थकवा असेल’ म्हणून घरीच पडून राहील. म्हणजे सांगणे हाही उपचाराचाच भाग.

आपल्या सीमाभागात तर प्रश्न आणखी एक पायरी खाली उतरतो. कन्नडात किंवा इंग्रजीत छापलेला धोका मराठी आजीला वाचताच आला नाही, तर तिचा अंगठा कागदावर उमटतो; संमती मात्र मिळालेली नसते.