पाचटाखाली

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या अंगणात सकाळी काळी पिसं पडलेली असतात. तुळशीच्या कट्ट्यावर, दोरीवर राहिलेल्या कपड्यांवर, उघड्या कळशीतल्या पाण्यावरसुद्धा. रात्री कुठल्या तरी उसाच्या फडात पाचट पेटलेलं असतं. लहानपणी आम्ही ती पिसं झेलायला धावायचो. चिमटीत धरलं की पिसाची पूड व्हायची आणि बोटं काळी. आज सकाळी असंच एक तळहातावर येऊन बसलं. ते झटकायला हात उचलला आणि मनात हिशेब सुरू झाला.

ऊस तुटून गेला की हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट मागे राहतं. त्या वाळल्या पाल्याच्या वजनात ४० टक्क्यांच्या आसपास कर्ब असतो, म्हणजे जवळपास ४ टन. उसाच्या पानापानाने वर्षभर उन्हात उभं राहून हवेतून ओढून घेतलेला. काडी लावली की तासाभरात तो पुन्हा हवेत जातो. त्याच्याबरोबर नत्र जातं, गंधक जातं. पालाश बरंचसं राखेत राहतं, पण मोकळ्या रानातली राख वाऱ्याच्या हाती.

आमचे आबाही पाचट पेटवायचे. त्यांना दोष देऊन मला चालणार नाही. सरीत पाचट असलं की पाणी पुढे सरकत नाही, बुडखे छाटायला जागा मिळत नाही, खत टाकता येत नाही, पाल्याखाली उंदीर होतात आणि उंदरांमागे साप येतात. पहाटे पाण्याची पाळी धरून रानात अनवाणी उभ्या राहणाऱ्या माणसाची ती भीती खरीच होती. एक काडी लावली की रान तासाभरात मोकळं.

पाचट ठेवा, सेंद्रिय कर्ब वाढेल, असं आता सगळेच सांगतात. ते खरं आहे, पण तेवढ्यावर थांबलं की पुढे निराशा पदरी येते. एक हेक्टर रानाचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर वजनाने २० लाख किलोंच्या घरात जातो. माती परीक्षणाच्या कागदावर कर्बाचा आकडा ०.४ वरून ०.५ टक्के व्हायचा, तर त्या थरात २ टन कर्ब मुरून राहायला हवा. आपण घातला ४ टन. पण त्यातला बहुतेक जिवाणू आणि बुरशी खातात आणि श्वासावाटे हवेत सोडतात. दोन-चार वर्षांनी दहातला एक हिस्सा, फार तर दीड हिस्सा मातीत उरतो. म्हणजे एका हंगामामागे ४०० ते ६०० किलो. शिवाय आधीपासून मातीत असलेला कर्बही झिजतच असतो, आणि आपल्या उन्हाळ्यात जरा जास्तच वेगाने. त्या एका दशांश टक्क्याला चार-पाच वर्षं सहज लागतात, नांगर लावत राहिलं तर त्याहूनही जास्त.

हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मन खट्टू झालं होतं. जाळलं तरी कर्ब हवेत जाणार, कुजवलं तरी बराचसा हवेतच जाणार, मग एवढा खटाटोप कशाला?

फरक जाण्याच्या वाटेत आहे. जळताना कर्ब कुणाच्याच पोटातून जात नाही. कुजताना प्रत्येक कण कुणाच्या तरी पोटातून जातो. खाणारे चिकट स्राव सोडतात, त्याने मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, रान भुसभुशीत होतं, पाणी मुरतं. आणि मातीत वर्षानुवर्षं टिकणाऱ्या कर्बाचा मोठा भाग या खाणाऱ्यांच्याच मेलेल्या शरीरांचा असतो, चिकणमातीच्या बारीक कणांना चिकटून राहिलेला. आपण घातलेला पाला पाला म्हणून टिकत नाही. तो ज्यांनी खाल्ला, ते टिकतात. मला ही गोष्ट कळायला फार वर्षं लागली, आणि कळल्यापासून मी कागदावरच्या आकड्याची घाई सोडली.

खाणाऱ्यांना नुसता पाला पुरत नाही, हेही अनुभवाने कळलं. पाचटात कर्ब नत्राच्या ऐंशी-शंभर पट असतो, जिवाणूंच्या अंगात दहा पटींच्या आतबाहेर. कमी पडणारं नत्र ते मातीतून उचलतात आणि कोवळा खोडवा पिवळा पडतो. मग शेतकरी म्हणतो, पाचटाने घात केला. म्हणून टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकायला सांगतात. ही शिदोरी दिली नाही, तर उपाशी माणसाने शेजाऱ्याच्या ताटातलं उचलावं तसं होतं.

मुळांचं तर आपण नावही घेत नाही. बुडख्याखाली मेलेली जुनी मुळं जिथल्या तिथे कुजतात आणि त्यांचा कर्ब वरच्या पाल्याच्या कर्बापेक्षा जास्त काळ मातीत राहतो. कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर नांगरणीशिवाय शेतीचा आग्रह धरत आले, त्याचं मर्म इथेच आहे: जे जमिनीत वाढलं, ते जमिनीतच कुजू द्या.

आमच्या खोडव्यात पाचट ठेवण्याचं हे तिसरं वर्ष. हात धुऊन आज आबांना घेऊन रानात गेले. आता त्यांना वाकवत नाही, पण ते सरीच्या कडेला बसले आणि हाताने पाला बाजूला केला. खालचा थर काळपट, मऊ झालेला. त्यात पांढऱ्या बुरशीचे धागे आणि गांडुळांनी वर टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या. त्यांनी चिमूटभर माती उचलून दाबली. बोटांना ती चिकटली.

"पाणी कधी दिलं होतंस?"

"बारा दिवस झाले, आबा."

त्यांनी बांधापलीकडच्या जळालेल्या रानाकडे पाहिलं. तिथे भेगा पडू लागल्या होत्या. मग बोटांवरची माती तिथेच झाडली आणि बाजूला केलेला पाला दोन्ही हातांनी पुन्हा सरीत पसरला.