नकार द्या, पण समोर येऊन

पुणे–नाशिक रेल्वे नारायणगाववरून जाणार, हे ऐकत या भागातली माणसे म्हातारी झाली. सुमारे 235 किलोमीटरच्या सेमी-हायस्पीड मार्गाचा आराखडा झाला, मोजण्या झाल्या, तेव्हा लोकांना पहिल्यांदा खरे वाटू लागले. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो थेट परराज्यात ट्रकने जातो आणि पुण्याला कॉलेजला किंवा दवाखान्यात जायचे तर चाकणच्या कोंडीत तास जातो. अशा गावाला रेल्वे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. मग रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितले की खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला, म्हणजे जीएमआरटीला, बाधा येईल म्हणून हा मार्ग सोडावा लागेल. नवा मार्ग अहिल्यानगरच्या बाजूने.

राज्यघटनेत या दुर्बिणीला नकाराधिकार दिलेला नाही. पण तिच्या हरकतीपुढे रेल्वे वळली, म्हणजे व्यवहारात तो तिच्याकडे आहे. आजूबाजूला उद्योग उभारणाऱ्यांना ही गोष्ट आधीपासून माहीत आहे, कारण त्यांनाही तिची ना-हरकत लागते.

ही हरकत पोकळ नाही, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली, ती इथे रेडिओ गोंगाट कमी होता म्हणूनच. दूरच्या आकाशगंगांमधल्या हायड्रोजनचे संकेत इतके क्षीण असतात की विजेच्या गाडीचा पँटोग्राफ वरच्या तारेला घासताना उडणारी ठिणगीसुद्धा त्यांना बुडवू शकते. जून 2023 मध्ये जगभरातल्या शास्त्रज्ञांच्या गटांनी अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले, त्यात या दुर्बिणीच्या निरीक्षणांचाही वाटा होता. रेल्वेचा मार्ग बदलता येतो. अँटेना उचलून दुसऱ्या शांत खोऱ्यात नेता येत नाहीत, आणि असे खोरे आता उरले आहे का, हाही प्रश्नच आहे.

तरीही इथल्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतल्या माणसाची तक्रार मला रास्त वाटते. नकार आला तो दिल्लीहून आणि तयार निर्णयाच्या रूपात. किती अंतरावर किती बाधा होते? बोगद्यातून गाडी नेली तर? तेवढ्या टप्प्यात वरची तार नसेल तर? या प्रश्नांची उत्तरे मोजमापांसह इथल्या लोकांपुढे मांडली जायला हवी होती. कदाचित उत्तर तेच निघाले असते. पण कारण ऐकून सोसलेला तोटा आणि नुसता अंगावर येऊन पडलेला तोटा यांत फार अंतर आहे.

नकाराधिकार वाईट नसतो. बहुमताच्या घाईला कुठेतरी आडकाठी लागतेच. माझा आक्षेप आहे तो मुक्या नकाराला, आणि त्याचे उदाहरण मुंबईच्या राजभवनातच सापडते. नोव्हेंबर 2020 मध्ये महाविकास आघाडी सरकारने विधान परिषदेवर नेमायच्या 12 जणांची यादी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे दिली. त्यांनी ना होकार दिला, ना नकार. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे. तरी यादी पडूनच राहिली. सरकार बदलले आणि 2022 मध्ये नव्या सरकारने ती मागे घेतली. नकार कोणीच दिला नाही, त्यामुळे जाबही कोणाला विचारता आला नाही.

याउलट राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी 2006 मध्ये लाभाच्या पदांविषयीचे विधेयक संसदेकडे फेरविचारासाठी परत पाठवले. संसदेने ते पुन्हा मंजूर केले आणि त्यांनी सही केली. ते हरले असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, त्यांनी संसदेला दुसऱ्यांदा विचार करायला लावले, आणि नकाराधिकाराचे काम तेवढेच असते. मात्र माझ्या म्हणण्याला छेद देणारे एक उदाहरण आहे, ते टाळता येणार नाही. टपालातली पत्रे अडवण्याचे अधिकार सरकारला देणाऱ्या 1986 च्या विधेयकावर राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी सहीच केली नाही, ते परतही पाठवले नाही. त्या मौनाने नागरिकांचे भले केले. पण मौनाचा हा दरवाजा एकदा उघडला की त्यातून कोण येईल, हे आपल्या हातात राहत नाही.

नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने विधेयकांवरील निर्णयासाठी राज्यपालांना ठरावीक मुदत घालून देता येणार नाही, असे मत दिले, आणि त्याचबरोबर विधेयके बेमुदत अडवून ठेवता येणार नाहीत, असेही म्हटले. मला हे अपुरे वाटते. संयुक्त राष्ट्रांसारख्या हतबल संस्थेनेही एप्रिल 2022 मध्ये ठरवले की सुरक्षा परिषदेत कोणी नकाराधिकार वापरला, तर दहा कामकाजी दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा होईल. नकार थांबला नाही, पण तो देणाऱ्यावर उत्तराची वेळ तरी आली.

आणि नकाराधिकार जिथे सामान्यांच्या हाती आहे, तिथल्या अटी पाहा. दारूचे दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात बायकांना ‘आडवी बाटली’चे मतदान मिळाले. मतदान घ्यायचे तर आधी 25 टक्के महिला मतदारांनी मागणी करायची. त्यानंतर दुकान बंद व्हायला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी ऊसतोडीला गेली, जी आजारी पडली, तिची गैरहजेरी दुकानदाराच्या पारड्यात पडते. मजूर बाईने ‘नाही’ म्हणायला एवढी पडताळणी, आणि राज्यपालांच्या मौनाला एका ओळीच्या कारणाचीही सक्ती नसावी?

खोडदला दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनाचे प्रदर्शन भरते. आसपासच्या शाळांची मुले आपापले प्रयोग घेऊन येतात, शास्त्रज्ञ त्यांच्याशी बोलतात. त्याच मांडवात रेल्वेच्या आणि दुर्बिणीच्या अभियंत्यांनी आपली मोजमापे मराठीत मांडावीत, पर्यायी मार्गांचे खर्च लावावेत आणि ज्यांच्या शेतात मोजणीचे दगड पुरले त्यांच्या प्रश्नांना दिवसभर उत्तरे द्यावीत. मार्ग बदलल्याच्या बदल्यात या तालुक्यांना कोणती वाहतूक सोय मिळणार, याचा लेखी खुलासाही तिथेच व्हावा.