विहिरीच्या काठावर

उन्हाळ्यात पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याला पाणी सुटलं की आमच्या वसमतकडच्या विहिरींचं पाणी वर येई, अन् आम्हा पोरांच्या पोटात गोळा. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यातले. हिंगोली १९९९ ला वेगळा झाला. पोहायला शिकायचं म्हणजे पाठीला वाळका भोपळा बांधून काठावरून उडी.

मी तीन दिवस काठावर उकिडवा बसून. चौथ्या दिवशी काकानं मागून ढकललं. नाकातोंडात पाणी गेलं, भोपळ्यानं वर आणलं. सगळे म्हणाले, "मोडलं गड्याचं भ्या!" मोडलं कुठलं? आता पाण्याबरोबर काकाचंही भ्या. काका वाईट नव्हता. पण ढकललेल्याची उडी त्याची म्हणायची का?

एका दुपारी काका पाठमोरा भुईमुगाला पाणी देत होता. भोपळ्याची गाठ दोनदा ओढून पाहिली. पाय लटपटत होतेच. तसाच मुटका मारला. शाबासकी द्यायला कुणी नाही. मीही कुणाला सांगितलं नाही.

परवा नातू त्याच काठावर उभा. "आबा, ढकलू नका हं." माझा हात त्याच्या पाठीपर्यंत गेला होता, खोटं कशाला बोलू? मागं घेतला. पायऱ्यांनी खाली पाण्यात उतरलो अन् वर बघत राहिलो.